एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते, त्यामुळे ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे भरतात. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ मध्ये या स्थितीचे वर्णन केले. तिचे कारण १९५९ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी जाहीर केले.

घरात अशा मुलाचा जन्म झाला की पहिला ठपका मात्र आजही आईवर येतो: ग्रहण पाळले नाही, पपई खाल्ली, जिने चढली. यातील कशाचाही संबंध नाही. बहुतेक वेळा बीजांड तयार होतानाच एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन प्रती विलग होत नाहीत आणि दोन्ही त्याच बीजांडात राहतात. म्हणजे दिवस जाण्याआधीच ते घडून गेलेले असते. काही मुलांमध्ये जादा प्रत वडिलांकडून येते; त्यांना कोणी जाब विचारत नाही, आणि विचारण्यासारखे काही नसतेही.

आईच्या वयाचा संबंध खरा आहे. पंचविशीत साधारण साडेबाराशे जन्मांमागे एक असलेले प्रमाण चाळिशीत शंभरामागे एक होते. तरीही तरुण वयात बाळंतपणे अधिक होत असल्याने अशी पुष्कळ मुले तरुण आयांच्या पोटी जन्मतात. ‘डबल मार्कर’ चाचणी फक्त शक्यता सांगते. निदानासाठी गर्भजल किंवा वारेच्या पेशी तपासाव्या लागतात.

‘आमच्या घराण्यात असे कोणी नाही’ हे वाक्य बहुधा खरेच असते, कारण सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये हा दोष वारशाने आलेला नसतो. मामेबहिणीशी लग्न केल्याने थॅलेसेमियासारख्या आजारांची जोखीम वाढते, या जादा प्रतीची नव्हे. तीन-चार टक्के मुलांत मात्र ती दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेली असते; तेव्हा आईवडिलांचीही गुणसूत्रे तपासणे गरजेचे ठरते.

जादा प्रत काढून टाकणारे औषध नाही. परंतु जवळपास निम्म्या मुलांत आढळणारा हृदयदोष बहुधा शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. अमेरिकेत १९८३ मध्ये पंचविशीच्या आसपास असलेले सरासरी आयुर्मान आता साठीला पोहोचले आहे.

जादा गुणसूत्रांबाबतचा सर्वांत बेजबाबदार गैरसमज मात्र एक्सवायवाय, म्हणजे एक वाय गुणसूत्र जादा असलेल्या, पुरुषांविषयी पसरला. स्कॉटलंडमधील एका सुरक्षा-रुग्णालयातल्या १९६५ च्या पाहणीनंतर जादा वाय गुणसूत्र हिंसेशी जोडले गेले. शिकागोचा खुनी रिचर्ड स्पेक हा तर त्याचा नमुना म्हणून गाजला. प्रत्यक्षात त्याची गुणसूत्रे ४६ च होती. जादा वाय असलेले बहुतेक पुरुष सर्वसाधारण आयुष्य जगतात, आणि त्यातील अनेकांचे निदान कधी होतच नाही.