कामतघरात खरी दुपार बाराला होतच नाही! घड्याळातली ती ३८ मिनिटं आली कुठून?

एक साधा प्रयोग करून बघा. भिवंडीत कामतघरला, वऱ्हाळा तलावाच्या आसपास किंवा तुमच्या इमारतीच्या गच्चीवर, सपाट जागी एक काठी सरळ उभी करा. दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करत जा.

सावली सगळ्यात आखूड होते, तो क्षण म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच असण्याचा क्षण. हीच खरी मध्यान्ह. आता मोबाइल बघा. त्यात बारा वाजलेले नसतील. वर्षाची सरासरी काढली तर कामतघरात हा क्षण येतो साधारण १२ वाजून ३८ मिनिटांनी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२.२१ च्या सुमाराला येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला थेट १२.५२ च्या आसपास. पण बाराच्या ठोक्याला? वर्षातून एकदाही नाही.

मग चूक कोण आहे, सूर्य की मोबाइल?

दोघंही नाहीत. दोघं दोन वेगळ्या वेळा सांगतात. एक वेळ आकाशातली आहे आणि दुसरी माणसांनी आपापसात ठरवलेली. आणि ही दुसरी वेळ ठरवताना एकेकाळी मुंबईत चक्क दगडफेक झाली होती.

आधी ३८ मिनिटांचं गणित

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एक अंश फिरायला ४ मिनिटं.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. भिवंडी आहे ७३ अंशांच्या जरा पुढे. दोघांत फरक जवळपास साडेनऊ अंशांचा. साडेनऊ गुणिले चार म्हणजे ३८ मिनिटं. मिर्झापूरच्या माथ्यावर आलेला सूर्य आपल्या माथ्यावर यायला तेवढा वेळ लागतो.

आता हेच गणित आणखी बारीक करा. कुलाब्यापेक्षा कामतघर थोडं पूर्वेला आहे, म्हणून इथली मध्यान्ह कुलाब्याच्या साधारण एक मिनिट आधी होते. सूर्याप्रमाणे चालायचं ठरवलं, तर लोकलने ठाण्याहून सीएसएमटीला उतरल्यावर घड्याळ पुन्हा लावावं लागेल!

राहिला प्रश्न नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतल्या फरकाचा. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे सूर्य घड्याळाच्या मानाने कधी पुढे, कधी मागे पडतो.

घटका भरायची म्हणजे काय व्हायचं?

वेळ कशीही मोजा, एक गोष्ट लागतेच. पुन्हा पुन्हा, तितक्याच अंतराने घडणारं काहीतरी. ते मोजायचं, बस्स. वेळ स्वतः कुणालाच दिसत नाही. दिसतो तो बदल, आणि आपण मोजतो तोही बदलच.

आपल्याकडे हे काम घटिकापात्र करायचं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. पाणी आत शिरत शिरत वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. एक घटका म्हणजे २४ मिनिटं आणि दिवसरात्र मिळून ६० घटका. लग्नाचा मुहूर्त साधायला हीच वाटी असायची. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग आपण आजही करतो, तो या वाटीमुळे. आणि 'तास' म्हणजे मुळात ठोके द्यायची धातूची थाळी. तिच्यावर पडणाऱ्या ठोक्यावरून काळाच्या मापालाही तेच नाव मिळालं.

तेव्हा प्रत्येक गावाची वेळ वेगळी होती आणि त्याचा कुणालाही त्रास नव्हता. बैलगाडीने जाणाऱ्याला एका मिनिटाच्या फरकाचं काय?

मग आली रेल्वे

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे लोहमार्ग देशभर पसरले आणि गोंधळ सुरू झाला. मुंबई आणि कलकत्ता यांच्या स्थानिक वेळेत तासाभराहून थोडा जास्तच फरक. एकाच रुळावर दोन घड्याळांनी गाड्या सोडल्या तर टक्कर ठरलेली. म्हणून रेल्वेने मधला मार्ग काढला आणि मद्रासची वेळ धरली. तिथे वेधशाळा होती आणि मद्रास या दोन शहरांच्या मधल्या रेखांशावर येतं.

पण मुंबईकर स्वतःची 'बॉम्बे टाइम' सोडेनात. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली. शहराने ती मानली नाही आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

त्यानंतर १ जानेवारी १९०६ ला ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. म्हणजे एका रात्रीत शहराची घड्याळं ३९ मिनिटं पुढे करायची होती.

३९ मिनिटांसाठी दगड कशाला?

कारण गिरणी कामगाराच्या दृष्टीने हा प्रश्न झोपेचा होता. भोंगा सहालाच वाजणार असेल, पण घड्याळ ३९ मिनिटं पुढे गेलं असेल, तर सूर्याच्या हिशेबाने त्याला ५.२१ ला कामावर उभं राहायचं होतं. तेही जानेवारीच्या अंधारात.

आणि हे कामगार वेळेच्या बाबतीत आधीच पोळलेले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांतली एक नीट वाचण्यासारखी आहे. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. सुरुवात घड्याळाने, शेवट सूर्याने! दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती, याही मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची आडकाठीही संपली आणि कामाचा दिवस आणखी लांबला.

अशा वेळी कुणीतरी वरून घड्याळाचा काटा फिरवतोय म्हटल्यावर भडका उडाला. जानेवारी १९०६ मध्ये हजारो कामगारांनी कामावर जायला नकार दिला, गिरणीवर दगड पडले. वंगभंगाला जेमतेम तीन महिने झाले होते, सरकारवर आधीच राग होता. त्यामुळे 'सरकारी वेळ की आपली वेळ' हा राजकारणाचा मुद्दा झाला. मुंबई महापालिकेने तर बॉम्बे टाइम स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू ठेवली.

आजही हा वाद पुरता मिटलेला नाही. देशाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांच्या सूर्योदयात जवळपास दोन तासांचा फरक आहे, पण घड्याळ एकच. म्हणून आसामच्या चहाच्या मळ्यांत अनेक ठिकाणी तासभर पुढे असलेली 'बागान टाइम' चालते.

आता सेकंद कोण ठरवतं?

सूर्य तर नाहीच, पण आता पृथ्वीही नाही. तिचं फिरणं अगदी एकसारखं नसतं, असं अचूक घड्याळांनी दाखवून दिलं. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या अणूवरून होते. सिझियम-१३३ या अणूशी निगडित प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० कंपनं म्हणजे एक सेकंद. भारताची वेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली अशी आण्विक घड्याळं सांभाळतात.

पृथ्वीशी मेळ राहावा म्हणून १९७२ पासून जगाच्या घड्याळात २७ वेळा एकेक सेकंद जास्तीचा घालावा लागला.

म्हणजे सेकंद किती लांब, हे अणू सांगतो. पण बारा कधी वाजले म्हणायचं आणि कामावर कधी यायचं, हे अणू सांगत नाही. ते माणसंच ठरवतात.

परत कामतघरला

भिवंडीत आजही दोन्ही वेळा शेजारी शेजारी नांदतात. मशिदीतल्या जोहरच्या नमाजची वेळ सूर्य माथ्यावरून ढळल्यावर सुरू होते, म्हणून वेळापत्रकात ती वर्षभर पुढेमागे सरकते. पंचांगातला सूर्योदयही गावागणिक बदलतो.

यंत्रमागाच्या कारखान्यातली पाळी मात्र घड्याळाने चालते. ती अनेक ठिकाणी बारा तासांची असते. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आखली, जादा तासांना दुप्पट मजुरी सांगितली. पण मजुरी कापडाच्या मीटरवर असली की तास मोजतो कोण? तिथे माग हेच घड्याळ. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा इकडून तिकडे जातो आणि गेलेला वेळ कापड होऊन गुंडाळला जातो. वीज गेली की भिंतीवरचं घड्याळ चालू राहतं, मीटर थांबतात. तो वेळ कामगाराचा जातो, पण हिशेबात कुठेच दिसत नाही.

१९०६ मधल्या कामगारांना हे नेमकं कळलं होतं. वेळ कोणत्या मापाने मोजायची हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात दुसऱ्याचा दिवस असतो.

तेव्हा या रविवारी काठी रोवून सावली मोजाच. मे महिन्याच्या मध्यात किंवा जुलैच्या शेवटी केलंत, तर शून्य सावलीचा दिवसही गाठता येईल. सरळ उभ्या काठीची सावली त्या दिवशी क्षणभर नाहीशी होते, अर्थात ढग नसतील तर. फक्त घड्याळात बारा वाजले म्हणून लगेच उठू नका. आपल्याकडे सूर्य अजून ३८ मिनिटं दूर असतो.