मोटारीच्या आराखड्यातील ‘व्यक्ती’ कोण?

१९१४ साली ब्रिटनमधील मोटार अभियंत्यांच्या संस्थेकडे डोरोथे पुलिंजर या वीस वर्षांच्या मुलीने सभासदत्वासाठी अर्ज केला. वडील मोटार व्यवसायात होते आणि तिने स्वतः स्कॉटलंडमधील पेझलीच्या कारखान्यात आराखडे काढण्याचे काम केले होते. अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर संस्थेच्या नियमात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे आणि व्यक्ती म्हणजे पुरुष, स्त्री नव्हे!

आम्हा वकिलांना हा युक्तिवाद चांगला परिचयाचा आहे. दोनच वर्षांनी, १९१६ मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा वकिलीच्या नोंदणीचा अर्ज अशाच धर्तीवर नाकारला होता. पदवी होती, पात्रता होती, पण कायद्याने सांगितलेल्या ‘व्यक्ती’त स्त्री बसत नव्हती. ही अडचण दूर करायला १९२३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. दार बंद करायचे ठरले की विद्वानांना व्याकरणसुद्धा पुरते.

पण महायुद्ध पेटले आणि व्याकरण बाजूला राहिले. पुरुष आघाडीवर गेल्यावर दारूगोळ्याचे कारखाने चालवायचे कोणी? पुलिंजर यांच्याकडे बॅरो येथील व्हिकर्स कंपनीतील हजारो स्त्री कामगारांची देखरेख आली. युद्ध संपताच १९१९ च्या कायद्याने युद्धापूर्वीची कामाची पद्धत पूर्ववत करण्यात आली, म्हणजेच बायांना घरी पाठवण्यात आले. त्याच वर्षी स्त्री अभियंत्यांनी आपली वेगळी संस्था काढली. तिच्या संस्थापक मंडळींत पुलिंजर होत्या.

पुढे त्यांनी स्कॉटलंडमधील टंगलँड येथे ‘गॅलोवे’ ही मोटार काढली. कारखान्यात मुलींना उमेदवार म्हणून शिकवले जाई. मोटारही डोळसपणे घडवलेली होती. आसन उंच, समोरची फळी खाली, स्टिअरिंग लहान, सामान ठेवायला जागा जास्त. पुरुषाच्या हातापायांच्या मापाने बनलेल्या वस्तूत स्त्रीने अंग चोरून बसायचे, ही रीत येथे उलटवली गेली होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस गॅलोवे बंद पडली. पुलिंजर यांच्यावर आरोप काय झाला? पुरुषांची नोकरी हिसकावते! शेवटी त्यांनी मोटारीचा धंदा सोडला आणि क्रॉयडनमध्ये यंत्रावर चालणारी लाँड्री काढली. कपडे धुण्याच्या धंद्यात बाई शिरली म्हणून कोणाचे पोट दुखण्याचे कारण नव्हते.

अमेरिकेची कथा वेगळी नाही. नाझींच्या तावडीतून मुलीला घेऊन निसटलेल्या हेलेन रोदर यांना १९४३ साली जनरल मोटर्सने मोटारीच्या आतल्या सजावटीच्या कामावर घेतले. नंतर १९५० च्या दशकात याच कंपनीच्या हार्ली अर्ल यांनी स्त्री डिझायनरांचा एक गटच नेमला. जाहिरात खात्याने त्यांचे बारसे केले, ‘डॅमसेल्स ऑफ डिझाइन’, म्हणजे डिझाइनच्या नाजूक ललना! शिकून-सवरून आलेल्या त्या व्यावसायिक स्त्रियांना हे नाव रुचले नाही, यात नवल ते काय? त्यांना काम मिळाले ते आतले. कापड, रंग, आसने. पत्र्याचा बाहेरचा आकार आणि यंत्र मात्र पुरुषांकडे. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीव्यवस्थेबद्दल दाखवून दिले की ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. डेट्रॉइटच्या त्या स्टुडिओलाही हे जसेच्या तसे लागू पडते.

पण त्या ‘आतल्या’ कामातून काय निघाले ते पाहा. १९५८ साली या स्त्रियांनी सजवलेल्या मोटारींचे प्रदर्शन भरले. रूथ ग्लेनी यांच्या कॉर्व्हेटमध्ये आपोआप गुंडाळले जाणारे सुरक्षा पट्टे होते. पेगी साऊर यांनी मागच्या दारांना मुलांना उघडता न येणारी कुलपे दिली होती. नटवायला बोलावलेल्या बायांनी जीव वाचवण्याचा विचार केला होता! त्याच वर्षाच्या अखेरीस अर्ल निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले बिल मिचेल यांना ज्येष्ठ पुरुष डिझायनरांच्या शेजारी बाई नको होती. गट पांगला. सुझान व्हँडरबिल्ट मात्र १९७७ पर्यंत टिकून राहिल्या.

पुढे दारे किलकिली झाली. २००९ च्या बीएमडब्ल्यू झेड-४ चे बाह्यरूप युलियाने ब्लासी यांचे आणि अंतरंग नाद्या अर्नाऊट यांचे. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेल्या रामकृपा अनंतन १९९७ साली महिंद्रात लागल्या. सुरुवात त्यांचीही अंतर्भागापासूनच झाली. पण २०११ ची एक्सयूव्ही-५०० ही त्यांच्या नेतृत्वाखाली घडली. ती गाडी रस्त्यावर पाहून किती जणांना वाटले असेल की हिचा आराखडा एका बाईच्या हाताखाली तयार झाला?

हा केवळ मान-सन्मानाचा प्रश्न असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. प्रश्न जिवाचा आहे. मोटार आदळवून पाहताना आत माणसाऐवजी पुतळा बसवतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेला आणि जगभर प्रमाण मानला गेलेला पुतळा सरासरी पुरुषाच्या मापाचा आहे. त्याच्या जोडीला जो ‘स्त्री’ पुतळा आला, तो म्हणजे पुरुषाचीच लहान केलेली आवृत्ती, बारा वर्षांच्या मुलाएवढी. २०११ साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अपघातांची आकडेवारी तपासली, तेव्हा पट्टा बांधलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याचा धोका पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक आढळला. सरासरी स्त्रीच्या बांध्याचा, १६२ सेंटिमीटर उंच आणि ६२ किलो वजनाचा पुतळा स्वीडनमध्ये तयार व्हायला २०२२ साल उजाडले. तो ज्या गटाने केला त्याच्या प्रमुख ॲस्ट्रिड लिंडर या संशोधिका आहेत.

म्हणजे १९१४ साली सभासदत्वाच्या अर्जावर जे उत्तर मिळाले, तेच शंभर वर्षे प्रयोगशाळेतही मिळत राहिले. ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुष.

आपल्या देशात ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही मोटारींना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी सुरू झाली आहे. आपल्या वस्त्यांतील किती तरी मुली आज इंजिनिअरिंगला आहेत, काही चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कामाला लागल्या आहेत. त्यांनी आणि गाडी घ्यायला शोरूममध्ये जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने विक्रेत्याला किंमत आणि मायलेज विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा. ‘तुमच्या चाचणीत स्टिअरिंगमागे बाईच्या बांध्याचा पुतळा बसवला होता का?’