जपानी मुलांस इंग्रजी शिकविण्यापूर्वी

आमच्या दोघा धाकट्या बंधूंच्या कन्यांनी गेल्या वर्षी एकाच सुमारास जपानात जाऊन इंग्रजी शिकविण्याचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हा माजघरापासून ओसरीपर्यंत जो तो आपापल्या परीने चिंतातुर झाला. बायकांस अन्नाची चिंता, बंधूंस खर्चाची, आणि जन्मभर खडू हाती धरल्यामुळे आम्हांस अध्यापनाची. हल्ली पुष्कळ घरांतील मुली परदेशी जातात. पण त्या बहुधा शिकावयास किंवा संगणकाच्या नोकरीस. जपानी मुलांस इंग्रजी शिकवावयास मराठी मुलीने जावे, हे आमच्या पिढीस थोडे चमत्कारिकच वाटते. ती भाषा ना त्यांची, ना आमची!

परंतु तेथील गरज खरी आहे. जपान सरकारच्या पुरस्काराने १९८७ साली ‘जेट’ नावाची योजना सुरू झाली. तीतून निरनिराळ्या देशांतील तरुण पदवीधर एकेका वर्षाच्या करारावर तेथील शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून जातात. करार वाढत वाढत पाच वर्षांपर्यंत जाऊ शकतो. त्यापुढे २०२० सालापासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या-चौथ्या इयत्तेत इंग्रजी संभाषण आणि पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय आला. त्यामुळे गावोगावच्या शाळांस असे साहाय्यक लागतात, आणि कित्येक गावे ते खासगी कंपन्यांमार्फत मिळवितात. आमच्या मुलींनी अर्ज केला तो अशाच एका कंपनीकडे.

येथे घरात एक शल्य उत्पन्न झाले. अशा रीतीने परकीय भाषा शिकवावयास जाणाराचे त्या भाषेतून निदान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे, अशी परवान्याची अट आहे. थोरली मुलगी आमच्या आग्रहाने मराठी शाळेत गेली. पुढे अकरावीपासून एम. ए. पर्यंत तिचे शिक्षण इंग्रजीतून झाले, पण ती वर्षे भरली अवघी सात. धाकटीला तिच्या वडिलांनी इंग्रजी शाळेत घातले, त्यावरून आम्ही दोघे भाऊ दोन महिने एकमेकांशी बोललो नव्हतो. तिची वर्षे सहज भरली. थोरलीचे इंग्रजी अधिक शुद्ध, ही गोष्ट धाकटीही मान्य करते. थोरलीने कागद घडी घालून पेटीत ठेवला आणि म्हणाली, “काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.” त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. मराठी शाळेचा पक्ष आम्ही आजही सोडलेला नाही. पण तो पक्ष घेताना मूल्य कोण देणार याचा विचार आम्ही केला नव्हता, हेही खरे.

पुढे जे घडले ते मात्र लिहिण्यासारखे आहे. धाकटीची तयारी थोरलीने आपल्या अंगावर घेतली, आणि आम्ही बाजूला बसून ऐकू लागलो.

आमचे संस्कृत येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडले. जपानी अक्षरमाला पाहावी तर अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व! आपल्याच वर्णमालेचा हा सांगाडा आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून जे संस्कृत वर्णशास्त्र अभ्यासिले, त्याच्या आधारे ही मांडणी झाली. ‘प’च्या जागी ‘ह’ का, तर प्राचीन काळी त्याचा उच्चार ‘प’ असा होता. वाक्यरचनाही ओळखीची. ‘मी शाळेत जाते’ हे ‘वाताशि वा गाक्को नि इकिमासु’ असे होते. ‘गाक्को’ म्हणजे शाळा, ‘नि’ म्हणजे आपला ‘त’, आणि क्रियापद शेवटी. धाकटीला हे कळताच तिने सुटकेचा निःश्वास टाकला. थोरली म्हणाली, “तुला सोपे जाते त्याच कारणाने त्यांना इंग्रजी अवघड जाते.”

या वाक्यात साऱ्या तयारीचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. जपानी भाषेत नुसते व्यंजन शेवटी येत नाही, एक अनुनासिक सोडून. म्हणून ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. ‘ल’ व ‘र’ यांत ते कान भेद करीत नाहीत. ही तक्रार फार जुनी आहे. रॅनल्ड मॅक्डोनल्ड नावाचा एक साहसी तरुण १८४८ साली उत्तरेकडील रिशिरी बेटावर मुद्दाम उतरला. परकीयांस बंदी असल्याने त्याला नागासाकीस नेऊन कोंडून ठेविले, आणि त्या कोठडीतच सरकारी दुभाष्यांपैकी १४ जण त्याच्याकडे इंग्रजी शिकले. त्यांतील मोरियामा एइनोसुके हा पुढे अमेरिकेच्या आरमाराशी झालेल्या वाटाघाटींत दुभाषी होता. ‘ल’चा ‘र’ होतो हे त्या बंदिवान मास्तरानेही नमूद करून ठेविले आहे.

धाकटीला यावर हसू आले. थोरलीने तिला ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी हे दोन शब्द उच्चारावयास सांगितले. दोन्ही एकसारखेच निघाले! आम्हीही म्हणून पाहिले. तीस वर्षे शिकवूनही आमचाही ‘व’ एकच. याउलट ‘त्सुनामी’तील पहिले अक्षर, जे इंग्रजांस जड जाते, ते आपल्या ‘चटणी’तील ‘च’ आहे, ‘चिमणी’तील नव्हे. शिकविणाराने आपली जीभ कोठे अडते हे आधी तपासावे, म्हणजे दुसऱ्याच्या अडण्याची थट्टा करवत नाही.

अन्नाचा प्रश्न बायकांनी हाती घेतला. तेथे शाळेत दुपारचे जेवण मुलांबरोबर वर्गातच घ्यावयाची पद्धत आहे, आणि पुष्कळशा कढणांत ‘दाशी’ म्हणजे बहुधा सुकविलेल्या मासळीचा अर्क असतो. ‘मी मांस-मासे खात नाही’ एवढ्याने भागत नाही. अर्काची चौकशी निराळी करावी लागते, कारण अर्काला कोणी मासळी म्हणत नाही. शाळेच्या संमतीने घरचा डबा नेता येतो, हे कळल्यावर वहिनींचा जीव खाली पडला. शाळेत वापरावयाची पादत्राणे निराळी न्यावी लागतात आणि वर्ग मुलेच झाडतात, हे ऐकून मात्र त्या प्रसन्न झाल्या.

आम्ही धाकटीस एक पुस्तक वाचावयास दिले, नात्सुमे सोसेकी यांची १९०६ सालची ‘बोत्चान’ ही कादंबरी. सोसेकी स्वतः १८९५ साली मात्सुयामा या गावी इंग्रजीचे शिक्षक होते. कादंबरीतला तरुण मास्तर दुकानात चार वाडगे शेवया खातो आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी फळ्यावर लिहिलेली असते. लहान गावच्या मास्तराची दशा सर्वत्र सारखीच!

सर्वांत अवघड धडा निघाला तो गप्प बसण्याचा. जपानी मूल उत्तराची खात्री झाल्यावाचून सहसा तोंड उघडीत नाही. त्यास येत नाही असे समजून नवा शिक्षक घाईने स्वतःच उत्तर देतो. हे जमावे म्हणून थोरलीने घरातील बायकांस ओळीने बसवून वर्ग भरविला. आमच्या सौभाग्यवतीस इंग्रजी समजते, पण बोलावयास त्या लाजतात. धाकटीने त्यांस इंग्रजीत विचारले, तुम्हांला काय आवडते? त्या गप्प. चार क्षण झाले नाहीत तोच धाकटीने आपणच उत्तर सांगून टाकिले. थोरली शांतपणे म्हणाली, “आता काकू या तासाला बोलायच्या नाहीत.” आणि खरेच, त्या बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा झाला. धाकटी हाताची घडी घालून उभी राहिली. भिंतीवरचे घड्याळ ऐकू येऊ लागले. सौभाग्यवतींनी पदर सारखा केला, एकदा आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, “आय लाइक टी.” मग जरा थांबून त्यांनीच विचारले, “‘टी’ म्हणायचे की ‘द टी’?”

धाकटी गोंधळली, तिने उभ्या आयुष्यात या गोष्टीचा कधी विचार केला नव्हता, केवळ बोलत आली होती. आम्हीही नियम आठवीत राहिलो. थोरली पुढे आली, तिने फळ्यावर एक कप काढला, त्याच्या शेजारी मोठी किटली काढली, आणि कोणता चहा सर्वांचा व कोणता समोर ठेवलेला, हे मराठीत समजावून सांगू लागली. धाकटीने वही उघडून ते उतरून घेतले.