लॅन कार्ड: खोक्यावरचे नाव आणि आतली चिप

वळवाच्या पावसात रात्री विजा कडाडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकावर इंटरनेट नसते. राउटर सुरू असतो, मोबाइलवर वायफायही मिळते, पण मदरबोर्डवरच्या लॅन पोर्टचा दिवा काही लागत नाही. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून विजेचा झटका आत शिरलेला असतो आणि पोर्टची चिप जळालेली असते. महाराष्ट्रात लॅन कार्ड विकत घेण्याची वेळ अनेकांवर अशीच येते. काहींचे कारण आनंदाचे असते: घरात फोटो आणि व्हिडिओ साठवायला नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, आणलेला असतो आणि मदरबोर्डवरचा जुना १ गिगाबिटचा पोर्ट त्याला अपुरा पडू लागतो. दोघेही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा आपल्या गावातल्या दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतात, ‘चांगल्या कंपनीचे लॅन कार्ड आहे का?’

इथेच चूक होते. सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकात कार्ड जुळेल की नाही, हे खोक्यावरच्या कंपनीवर ठरत नाही. ते ठरते तीन गोष्टींवर: मदरबोर्डवरचा स्लॉट, कार्डावरची चिप व तिचा ड्रायव्हर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला जोडलेले यंत्र.

‘स्लॉट मोठा आहे, एवढेसे कार्ड त्यात कसे बसेल?’

हा सर्वांत निरुपद्रवी गैरसमज. पीसीआय एक्सप्रेसचे लहान, म्हणजे एक्स१ कार्ड एक्स४, एक्स८ किंवा एक्स१६ अशा कोणत्याही मोठ्या स्लॉटमध्ये बसते आणि व्यवस्थित चालते. उलटे मात्र होत नाही. एक्स४ कार्ड मागून बंद असलेल्या एक्स१ स्लॉटमध्ये शिरणारच नाही. जुन्या साध्या पीसीआयचे कार्डही यात चालत नाही. नाव सारखे वाटले तरी दोन्हींची रचना वेगळी आहे, आणि नव्या मदरबोर्डांवरून पीसीआय स्लॉट जवळजवळ गेलाच आहे. कपाटातले जुने लॅन कार्ड नव्या संगणकात लावायला निघालेल्यांची निराशा होते ती इथे.

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. स्लॉट लांबीने एक्स१६ दिसतो, पण आत जोडणी चारच मार्गिकांची (लेनची) असते, कधी तर एकाच मार्गिकेची. शिवाय त्या मार्गिकेची पिढी कोणती, हेही पाहावे लागते. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत एक मार्गिका सेकंदाला २५० मेगाबाइट वाहून नेते, दुसऱ्या पिढीत ५००, तर तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५. २.५ गिगाबिटच्या कार्डाला सेकंदाला साधारण ३१२ मेगाबाइट लागतात. म्हणजे दुसऱ्या पिढीचा एक्स१ स्लॉट त्याला पुरतो, पहिल्या पिढीचा पुरत नाही. १० गिगाबिटला १,२५० मेगाबाइट हवेत. तिथे तिसऱ्या पिढीची एक मार्गिकाही तोकडी पडते. एएमडीच्या बी४५० चिपसेटकडून येणाऱ्या मार्गिका दुसऱ्या पिढीच्या आहेत, बी५५० मध्ये त्या तिसऱ्या पिढीच्या झाल्या. दिसायला सारख्याच दोन मदरबोर्डांवर १० गिगाबिटचे एकच कार्ड वेगवेगळा वेग देते ते यामुळे.

मदरबोर्डच्या पुस्तिकेतले स्लॉटचे पान म्हणूनच वाचायला हवे. त्याच पानावर बारीक अक्षरांत आणखी एक सूचना असू शकते: दुसऱ्या एम.२ खाचेत एसएसडी लावली, तर अमुक स्लॉट बंद होईल. कार्ड बिघडले म्हणून दुकानात परत जाण्याआधी ही ओळ शोधावी. आणि कॅबिनेट उघडून एकदा डोळ्यांनीही बघावे. दोन-तीन स्लॉटची जागा अडवणारे ग्राफिक्स कार्ड कित्येकदा नेमका एक्स१ स्लॉट झाकून बसलेले असते.

‘सर्व्हरमधले कार्ड म्हणजे दणकट, आणि मिळतेही स्वस्त’

डेटा सेंटरमधून काढलेली १० गिगाबिटची कार्डे जुन्या बाजारात भरपूर मिळतात. इंटेलचे एक्स५४०-टी२ हे त्यातले प्रसिद्ध नाव. दोन पोर्ट, इंटेलचा शिक्का, किंमत हलकी. मोह होतोच. हे कार्ड वाईट अजिबात नाही, पण ते ज्या घरासाठी बनले ते घर वेगळे होते. त्याला एक्स८ ची जोडणी हवी असते. सर्व्हरमध्ये जोरदार पंख्यांचा झोत सतत अंगावरून वाहत राहील, हे गृहीत धरून त्याची रचना केलेली आहे. घरातल्या शांत कॅबिनेटमध्ये ते चटका बसेल इतके तापते.

त्याहून मोठा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. १० गिगाबिटचे कार्ड खालचे सगळे वेग आपोआप देईल, अशी समजूत असते. एक्स५४० तसे करत नाही. २.५ आणि ५ गिगाबिटचे मानक, ८०२.३बीझेड, आले २०१६ मध्ये. तांब्याच्या केबलवरच्या १० गिगाबिटचे मानक त्याच्या दहा वर्षे आधीचे, २००६ चे. एक्स५४० त्या जुन्या काळातले कार्ड आहे. त्याला १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट एवढेच कळते. २.५ गिगाबिटच्या स्विचला जोडले की ते मुकाट्याने १ गिगाबिटवर उतरते. घरी २.५ चा स्विच असलेल्या माणसाने हे कार्ड घेतले, तर मदरबोर्डवरच्या साध्या पोर्टपेक्षा जास्त काही हाती लागत नाही. त्यानंतरचे एक्स५५० आणि एक्यूसी१०७ चिपची कार्डे हे मधले वेग ओळखतात.

सर्व्हरच्या काही कार्डांची तर जोडणीच निराळी असते. एचपीचे फ्लेक्सलॉम किंवा ओसीपी प्रकारचे कार्ड साध्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसत नाही. छायाचित्रात फरक पटकन लक्षात येत नाही, म्हणून विकणाऱ्याला आधी विचारावे. इंटेलच्या नावाची नकली कार्डेही बाजारात आहेत. अगदी स्वस्त दिसणाऱ्या ‘नव्या कोऱ्या’ सर्व्हर कार्डाकडे संशयानेच बघितलेले बरे.

‘इंटेल म्हणजे खात्री, रिअलटेक म्हणजे तडजोड’

एकेकाळी या म्हणण्यात तथ्य होते. पण २.५ गिगाबिटच्या बाबतीत पारडे फिरले. इंटेलच्या आय२२५-व्ही चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत दोष निघाला: डेटाच्या दोन पाकिटांमध्ये जेवढे अंतर राखायला हवे, तेवढे ती राखत नव्हती. काही राउटर आणि स्विचना जोडल्यावर पाकिटे गळू लागली, वेग कोसळू लागला. तात्पुरता उपाय काय, तर २.५ ची चिप १ गिगाबिटवर चालवणे. पुढच्या, बी३ आवृत्तीत हा दोष दूर झाला. त्याच काळात रिअलटेकची आरटीएल८१२५ असंख्य मदरबोर्डांवर आणि कार्डांवर फारशा तक्रारीविना काम करत होती. तेव्हा नावाच्या दबदब्यापेक्षा चिपचा नेमका क्रमांक आणि आवृत्ती पाहणे शहाणपणाचे. खोक्यावर ती लिहिलेली नसली, तरी कंपनीच्या तांत्रिक माहितीत बहुधा सापडते.

कार्ड आधीच हातात असेल, तर संगणकच चिप ओळखून देतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी उघडावा. त्यात ‘व्हेन’ पुढे १०ईसी दिसले तर चिप रिअलटेकची, ८०८६ दिसले तर इंटेलची. ‘डेव्ह’ पुढचा क्रमांक म्हणजे नेमके मॉडेल.

‘लावले की चालते’ हा भरवसा मात्र ड्रायव्हरपाशी येऊन अडखळतो. विंडोज १० च्या जुन्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमध्ये आरटीएल८१२५ चा ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरवाचून नाही, अशी कोंडी होते. लिनक्समध्ये या चिपला कर्नल ५.४ पासून, म्हणजे २०१९ च्या अखेरपासून, आधार मिळाला. त्याआधीच्या कर्नलवर कार्ड दिसते पण चालत नाही. सुटका सोपी आहे. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा, किंवा मोबाइल यूएसबी केबलने जोडून टिथरिंग सुरू करावे आणि तेवढ्यापुरते त्याचे इंटरनेट वापरावे.

‘वेगवान कार्ड घातले की इंटरनेट वेगवान होते’

घरचा प्लॅन १०० किंवा ३०० मेगाबिटचा असेल, तर १ गिगाबिटच्या कार्डालाही सगळा वेग वापरायला मिळत नाही. २.५ चे कार्ड तिथे तसूभरही फरक पाडत नाही. फरक पडतो तो घरातल्या घरात. ५० गिगाबाइटचा व्हिडिओ नॅसवर टाकायला १ गिगाबिटवर साधारण साडेसात मिनिटे लागतात, २.५ वर तीन. तेही दोन्हीकडची डिस्क, स्विच आणि पोर्ट तेवढ्या वेगाचे असतील तर.

आणि केबल? २.५ गिगाबिटसाठी भिंतीतली कॅट५ई केबल उपटून काढायची गरज नाही. १०० मीटरपर्यंत ती पुरते. १० गिगाबिटला एवढ्या अंतरासाठी कॅट६ए लागते, साधी कॅट६ साधारण ५५ मीटरपर्यंत चालते. वेग १०० मेगाबिटवर अडकला असेल, तर कार्डाला दोष देण्याआधी केबल तपासावी. १०० मेगाबिटला तारांच्या दोनच जोड्या लागतात, १ गिगाबिटला चारही. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार तुटली किंवा तिचे क्रिम्पिंग ढिले राहिले, तर जोडणी टिकते, वेग मात्र दहापटीने पडतो.

पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, कमी होईल असे सांगून गेम खेळणाऱ्यांना विकली जाणारी ‘गेमिंग’ कार्डे हा जुना प्रकार आहे. २००६ मध्ये बिगफूट नेटवर्क्सने ‘किलर’ नावाचे कार्ड आणले. त्यावर ४०० मेगाहर्ट्झचा स्वतःचा प्रोसेसर होता, ६४ मेगाबाइट मेमरी होती, आत लिनक्स चालत होते. पण हिशेब मांडला की गोष्ट स्पष्ट होते. १,५०० बाइटचे पाकीट १ गिगाबिटवरून बाहेर पडायला १२ मायक्रोसेकंद लागतात, २.५ वरून पाचहून कमी. गेमचा सर्व्हर समजा सिंगापूरला असेल, तर मुंबईपासूनचे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. फायबरमधल्या प्रकाशालाच जाऊन-येऊन जवळपास ३९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ३९ हजार मायक्रोसेकंद. त्यातले सात वाचवून कोणाचा पिंग सुधारत नाही. वायफाय सोडून केबलवर येण्याचा फायदा मात्र खरा असतो, आणि तो साध्या कार्डानेही मिळतो.

बहुतेक घरांसाठी निवाडा सरळ आहे: एक्स१ स्लॉटचे, आरटीएल८१२५ किंवा सुधारित आवृत्तीतल्या इंटेल चिपचे २.५ गिगाबिटचे कार्ड घ्यावे. जळालेला पोर्ट बायोसमध्ये जाऊन बंद करावा. आणि यंदा आभाळ भरून आले, विजा चमकू लागल्या, की विजेच्या प्लगबरोबर लॅन केबलही काढून ठेवा. घरात फायबर आले असले, तरी फायबरच्या डब्यापासून संगणकापर्यंतची केबल तांब्याचीच आहे.