९६ पट्ट्या

चीनमधल्या गाओकाओची, म्हणजे महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेची, आपल्याकडे पोचणारी छायाचित्रं बहुतेक ७ जूनची असतात. केंद्राबाहेर शुभ म्हणून लाल चिपाव झगे घालून उभ्या असलेल्या आया, पोलिस, फुलं. मला उत्सुकता होती ती त्यानंतरच्या दिवसांची. गुण हातात आले की प्रवेशाचा अर्ज कसा भरतात? आणि जो मुलगा हे सगळं दुसऱ्यांदा करतोय, तो कसा भरतो? लातूरच्या रिपीटर बॅचेस पाहिल्यापासून हा प्रश्न डोक्यात होता. म्हणून जूनच्या अखेरीस हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंगला, रिपीटरांच्या एका क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर, दुभाषी मैत्रिणीला घेऊन जाऊन बसले. क्लास अर्थातच खासगी. सरकारी शाळांना रिपीटर घ्यायला मनाई आहे.

खोलीत डासांसाठी अंगाला लावतात त्या सुगंधी पाण्याचा वास भरून राहिला होता. तो अजूनही नाकातून जात नाही. बाकं भिंतीला लावलेली, मधल्या टेबलामागे गणित शिकवणाऱ्या बाई. सगळे त्यांना ‘लाओशी’, म्हणजे शिक्षक, म्हणत होते. हाताशी प्रांताच्या परीक्षा मंडळाचं प्रवेशपुस्तक, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड. आणि कात्रीने कापलेल्या कागदाच्या पट्ट्या. एका पट्टीवर एका विद्यापीठाचा एकच विषय. हेबेईत पदवीच्या मुख्य फेरीत अशा ९६ जागा भरता येतात. एवढे पर्याय पाहून मला हेवाच वाटला. बाई म्हणाल्या, “९६ खरे. पण फाइल एकदाच पडते.”

हे वाक्य त्या दिवसभर म्हणत होत्या.

त्याचा अर्थ असा. मुलांची प्रांतभरात क्रमवारी लागते. पदार्थविज्ञान घेतलेल्यांची वेगळी, इतिहास घेतलेल्यांची वेगळी. संगणक वरच्या क्रमांकापासून सुरुवात करतो, प्रत्येकाची यादी पहिल्या जागेपासून वाचतो आणि जिथे रिकामी जागा सापडेल तिथे त्याची फाइल टाकतो. विद्यापीठाने काही कारणाने ती परत पाठवली, तर यादीतल्या पुढच्या जागांकडे संगणक वळून पाहत नाही. मग उरल्यासुरल्या जागांची फेरी.

समोर बसलेल्या मुलाला गेल्या वर्षीपेक्षा १३ गुण जास्त होते, ७५० पैकी. त्याच्या आईने ते मला दोनदा सांगितलं, बाईंना तीनदा. बाईंनी गुणांकडे पाहिलंच नाही. गुण आणि क्रमांक यांचा तक्ता काढला, ओळीवर फूटपट्टी धरली आणि बोट आडवं नेलं. पेपर सोपा गेला होता. गुण सगळ्यांचेच वाढले होते. क्रमांक जेमतेम पुढे सरकलेला. अख्खं वर्ष, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, आणि एवढंच? मी काही बोलले नाही. आईही थांबली.

रिपीटर म्हणून गुण कापत नाहीत, यादीही वेगळी नसते. कागदावर तो इतरांसारखाच. पण काही दारं मुकाट्याने बंद झालेली असतात. मागासलेल्या भागांतल्या मुलांसाठीच्या विशेष योजनेतून एकदा प्रवेश मिळून तो सोडला असेल, तर ती योजना पुन्हा मिळत नाही. लष्करी विद्यालयांना वयाची कमाल अट २० वर्षांची. दोनदा रिपीट करणारा तिथे बाद होऊ शकतो. या मुलाला रंग नीट ओळखता येत नव्हते. बाईंनी वैद्यकीय अहवाल पाहिला आणि औषधनिर्माण, रसायन, वैद्यक अशा पट्ट्या पटापट बाजूला केल्या. फाइल परत येण्याचं हे हमखास कारण.

पट्ट्या तीन ढिगांत लावायच्या: झेप घेऊन मिळाल्या तर, मिळतीलशा, आणि पडलोच तर झेलणाऱ्या. पहिला ढीग वर, शेवटचा खाली. मुलाने घरून आणलेल्या यादीत झेपेच्या चारच होत्या. बाकी सगळा झेलणारा ढीग. बाई म्हणाल्या, रिपीटर नेहमी असंच करतात. एकदा हात पोळलेला असतो. वर्षभर राबून मिळवलेला क्रमांक ऐन अर्जाच्या वेळी भीतीपायी स्वस्तात देऊन टाकतात. मला हे पटलं. यादीत वर लिहिलेली अवघड जागा मिळाली नाही तर काही बिघडत नाही, संगणक पुढे सरकतो. हे ठाऊक असूनही पोरं वर लिहायला धजत नाहीत. याच भीतीवर बाहेर हजारो युआन घेणाऱ्या सल्लागारांचा धंदा चालतो. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर असतं. बाईंकडे पेन्सिल आणि तीन वर्षांचे कटऑफ. एखाद्या विषयाचा कटऑफ गेल्या वर्षी कोसळला की यंदा सगळे तिथेच धावणार, हे त्या पेन्सिलीनेच खूण करून ठेवतात.

मुलाला घराजवळचं चांगलं विद्यापीठ हवं होतं. इथे हेबेईचं नशीब पाहा. निवडक विद्यापीठांची ‘२११’ ही यादी २०१७ पासून सरकारी भाषेत मागे पडली, पण आयांच्या तोंडी अजून तीच. तिच्यातलं प्रांताचं स्वतःचं एकमेव विद्यापीठ, हेबेई युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी, हेबेईत नाहीच. ते तिएनचिनमध्ये आहे. बाईंनी त्याची यंत्र अभियांत्रिकी झेपेच्या ढिगात ठेवली. आई म्हणाली, “मिळणार नाही.” बाई म्हणाल्या, “९६ आहेत.”

खालून चाळताना त्यांच्या हाती एक पट्टी आली. शिजियाझुआंगमधलंच एक कॉलेज, अकाउंटन्सी. गेल्या वर्षी मुलाला हेच मिळालं होतं आणि हेच नाकारून तो इथे आला होता. बाईंचा नियम असा, की मिळाल्यावर जाणार नाही अशी जागा लिहायचीच नाही.

“यंदा मिळालं तर जाशील?”

“जाईल,” आई म्हणाली.

“मी त्याला विचारलं.”

मुलगा पट्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “कॉलेजला जाईन. अकाउंटन्सीला नाही.”

बाईंनी पट्टी फाडली, प्रवेशपुस्तक पुढे ओढलं आणि त्याच कॉलेजचं पान शोधायला घेतलं.