उथळ सागरी ज्वालामुखी आणि नवद्वीपनिर्मिती : उलवे-पनवेल परिसराच्या संदर्भात

उलवे-न्हावा किनाऱ्यानजीकचे घारापुरी बेट बेसाल्टचे असल्याने ते समुद्रातील ज्वालामुखीतून उद्भवले असावे, असा समज सहज होतो. खडक ज्वालामुखीजन्य आहे हे खरे. बेट मात्र तसे नाही. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

खोल समुद्रात पाण्याच्या प्रचंड दाबामुळे वाफेला प्रसरण पावता येत नाही. लाव्हा शांतपणे बाहेर पडून उशांच्या आकाराच्या गोळ्यांत थिजतो. मुख उथळ पाण्यात आले की हा दाब ओसरतो. वातावरणीय दाबाखाली पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पटींनी वाढते. परिणामी स्फोट होऊन शिलारसाच्या ठिकऱ्या उडतात व राखेचा शंकू पाण्याबाहेर डोकावतो. असे शंकू बहुधा अल्पायुषी असतात, कारण लाटा त्यांना धुऊन नेतात. मुखात समुद्राचे पाणी शिरणे थांबले, तर स्फोट शमून लाव्हा वाहू लागतो आणि राखेवर कठीण कवच चढते. आइसलँडजवळ नोव्हेंबर १९६३ मध्ये सुमारे १३० मीटर खोलीवरून वर आलेले सर्टसी बेट एप्रिल १९६४ पासून वाहिलेल्या लाव्हामुळे तगले. तरीही त्याचे मूळचे सुमारे २.७ चौ. किमी क्षेत्र आज निम्म्यावर आले आहे. टोंगामध्ये २०१४-१५ साली निर्माण झालेली भूमी तर जानेवारी २०२२ च्या उद्रेकात जवळजवळ नाहीशी झाली.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. दख्खनचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रामुख्याने जमिनीवर पसरले. मुंबईतील काही थर त्यानंतरचे असून त्यांत उशांच्या आकाराचा लाव्हा व काचमय चुरा आढळतो. म्हणजे तेथे लाव्हा पाण्यात शिरला होता. तथापि वरळीच्या गाळथरांतील बेडकांचे जीवाश्म पाहता ते पाणी खुल्या समुद्राचे नव्हे, तर उथळ जलाशयाचे वा दलदलीचे ठरते.

सह्याद्रीत जवळजवळ आडवे असलेले हे थर पनवेलजवळ पश्चिमेकडे कलतात. ‘पनवेल फ्लेक्सर’ हाच तो बाक. पुढे झीज झाली, हिमयुगानंतर समुद्रपातळी वाढून सखल भाग बुडाला आणि घारापुरीसारख्या टेकड्यांचे माथे तेवढे बेटे म्हणून उरले. समुद्रतळावरून उभे राहिलेले खरे ज्वालामुखी बेट पाहावयाचे तर अंदमानातील बॅरनकडे वळावे लागते. १९९१ पासून तेथे अधूनमधून उद्रेक होत आले आहेत.

नवी मुंबई विमानतळासाठी (उद्घाटन ऑक्टोबर २०२५) उलव्याची टेकडी कापण्यात आली. परिसरातील अशा खोदकामांत उघडे पडणारे छेद थोडेच दिवस दिसतात. थरांचा कल, त्यांची जाडी आणि मधले राखेचे वा गाळाचे पापुद्रे यांची नोंद काँक्रीट चढण्यापूर्वीच स्थानिक महाविद्यालयांच्या भूगोल व भूशास्त्र विभागांनी घ्यावयास हवी.