विकतचे पीठ, घरची चव

दिवाळीत पाहुण्यांची ये-जा चालूच असते. पहिल्या दिवशी चकली-चिवड्याचे ताट पाहून सारे खूष होतात. भाऊबिजेपर्यंत मात्र "नको वहिनी, आत्ताच चार घरी झाले" असे ऐकू येऊ लागते. अशा वेळी गरम, खुसखुशीत, तिखटमिठाचे काही पुढे आले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. पण त्यासाठी गृहिणीने पुन्हा कढईपुढे उभे राहायचे आणि बैठकीतल्या गप्पा स्वयंपाकघरातून ऐकायच्या, हे काही बरे नव्हे.

यावर सोपा उपाय आहे. खारी बिस्किटासारखे पदर सुटणारे मैद्याचे पीठ हल्ली मोठ्या दुकानांत गोठवलेल्या पोळीच्या रूपात तयार मिळते. 'पफ पेस्ट्री' म्हणून मागावे. सारण तेवढे घरी करावे.

"विकतचे पीठ?" असे म्हणून घरातली वडील मंडळी नाक मुरडतील. पण चकलीची भाजणी तयार आणणारी घरे आज दादरला काय थोडी आहेत? लालबागची चिवडा गल्ली तर तयार चिवड्यावरच प्रसिद्धीस आली. पूर्वी गिरगाव-परळच्या चाळींतून नानकटाई भाजायला जवळच्या बेकरीत नेत. भट्टी बेकरीवाल्याची, पण नानकटाई घरचीच! तिखट भाजके पदार्थही आपल्याला परके नाहीत. पाठारे प्रभूंचे कोबी-कोळंबीचे भानोले खाली-वर निखारे ठेवून भाजले जाई.

आता या पिठाचे मर्म समजून घ्यावे. त्यात पीठ आणि लोणी किंवा मार्गारीन यांचे पातळ थर एकाआड एक असतात. कडक आचेत पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर वर उचलते. म्हणून पीठ गार आणि भट्टी तापलेली, हा पहिला नियम. मुंबईच्या उकाड्यात पीठ मऊ पडून स्निग्धांश पाझरू लागला, तर पंधरा मिनिटे पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावे.

मटारचे त्रिकोण: २५० ग्रॅमची पोळी आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवावी. एक वाटी मटार वाफवून ठेचावेत. चमचाभर तेलावर जिरे, आले-मिरचीचे वाटण, मटार, दोन चमचे ओले खोबरे, मीठ व चिमूटभर साखर घालून कोरडे होईपर्यंत परतावे. वर कोथिंबीर घालून लिंबू पिळावे. सारण पूर्ण गार होऊ द्यावे. गरम किंवा ओलसर सारणाने तळ कच्चा राहतो.

पोळी जाड असल्यास तीन मिलिमीटरपर्यंत लाटावी. धारदार सुरीने सात सेंटिमीटरचे चौकोन कापावेत. साधारण पंधरा होतात. मधोमध चमचाभर सारण ठेवून, कडांना पाण्याचे बोट लावून त्रिकोण मिटावा आणि काट्याने दाबावा. वरून दूध लावावे, पण कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नये. थर चिकटून बसतात. २०० अंशांवर आधी तापवलेल्या भट्टीत वीस ते पंचवीस मिनिटे, बदामी रंगावर भाजावेत.

याच रीतीने बटाट्याच्या भाजीचे किंवा कोरड्या खिम्याचे त्रिकोण होतात. उरल्यासुरल्या पट्ट्यांवर किसलेले चीज, ओवा आणि मिरपूड पेरून त्यांना पीळ द्यावा व बारा-पंधरा मिनिटे भाजावे. मुले त्यांचा लगेच फन्ना उडवतील.

हे त्रिकोण दुपारीच भरून, झाकून फ्रीजमध्ये ठेवता येतात. संध्याकाळी मंडळी येण्याआधी भट्टी तापवून ठेवावी. ती आली की थाळा आत सरकवावा आणि ती वीस मिनिटे गृहिणीने खुशाल बाहेर येऊन गप्पांत बसावे.